दोन खांबांमधलं अंतर

आमच्या बसच्या रस्त्यावर एक नाला आहे आणि नाल्यावर अर्धा पूल. दोन्ही काठांचे खांब उभे आहेत, डोक्यावर सळयांचे झुपके निघालेत, त्यांना तांबूस गंज चढलाय. मधला खांब नाही, त्यामुळे पुढचं काहीच नाही. बस तिथे वळसा घालून जुन्या पुलावर चढते तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच, "एवढं झालंय, मग अडलंय कुठे?" उत्तरही बसमध्येच मिळतं. पैसे खाल्ले, ठेकेदार पळाला. कधी कधी ते खरंही असतं. पण मी वीस वर्षं साइटवर काढली आहेत, आणि असा अर्धा पूल दिसला की माझी नजर आधी जमिनीकडे जाते. मधला खांब जिथे यायचा तिथे खाली जुनी पाण्याची मोठी लाइन असते. किंवा चार जुनी वडाची झाडं. किंवा पाच गुंठ्यांचा एक तुकडा, ज्याच्या सातबाऱ्यावर सात वारसांची नावं आहेत आणि त्यातल्या दोघांचा पत्ता गावात कुणालाच ठाऊक नाही.

ही अडचण पहिली कुदळ पडण्याआधी सहा महिने माहीत असायला हवी. ती माहीत करून घेणं ज्याचं काम, तो प्रोजेक्ट मॅनेजर. पुलाचं डिझाइन दुसरा कुणी करतो, सळई फिटर बांधतो, सेंट्रिंग सुतार लावतो, पैसे सरकार किंवा बिल्डर देतो. हा माणूस स्वतःच्या हाताने काहीच बांधत नाही. कोणतं काम कशाच्या आधी, कुणाच्या सहीने आणि कोणत्या महिन्यात, एवढंच तो पाहतो. आणि पूल पुरा होणार की अर्धा राहणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

पंगत आणि पुरण

घरी वीस माणसांची पुरणपोळीची पंगत आहे असं धरा. डाळ शिजायला हवी, मग ती गुळात आटवायची, मग पुरण वाटायचं, मग पोळ्या लाटायच्या. कणीक तिंबून मुरायला ठेवायची. कटाची आमटी, कोशिंबीर, भजी हे वेगळंच. आता कोशिंबिरीची काकडी अर्धा तास उशिरा चोचवली तर पंगतीला काही फरक पडत नाही. कणीक थोडी उशिरा तिंबली तरी चालतं, कारण पुरण तयार होईपर्यंत तिला मुरायला वेळ मिळतोच. पण डाळ अर्धा तास उशिरा चढवली, तर पंगत अर्धा तास उशिरा बसते. चुली दोनाच्या चार केल्या, हाताखाली आणखी दोघी घेतल्या, तरी उशीर होतोच.

डाळ, पुरण, पोळी ही जी एकमेकींना बांधलेली साखळी, तिला बांधकामात क्रिटिकल पाथ म्हणतात. या साखळीतलं कोणतंही काम एक दिवस लांबलं की सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते, तिला फ्लोट म्हणतात. 1957 च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत आणि रेमिंग्टन रँडमध्ये काम करणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर मांडण्याची पद्धत बसवली. रासायनिक कारखाने दुरुस्तीसाठी बंद ठेवावे लागत आणि बंद कारखान्याचा प्रत्येक दिवस महाग पडे, म्हणून त्यांना हे हवं होतं. आज हे गणित संगणक करतो. साइटवरचा प्लॅनिंग इंजिनिअर शेकडो कामांची यादी, प्रत्येकाला लागणारे दिवस आणि कशानंतर काय, हे भरून देतो. तरीही घोळ होतात, कारण यादीत काय घालायचं हे माणूस ठरवतो. खोदकाम, राफ्ट (पायाची जाड पाटी), खांब, गर्डर, डांबर हे सगळं यादीत असतं. "वृक्ष प्राधिकरणाची परवानगी" ही ओळ मात्र पुष्कळदा नसते. ती ऑफिसातल्या कुणाच्या तरी फाइलवर असते.

17 दिवसांचे 7 महिने

आपल्याकडे या गणिताला एक खास पेच आहे, तो म्हणजे पावसाळा. नाल्यातल्या खांबाचा पाया खोदणं, खाली साधं काँक्रीट, वर राफ्ट, आणि खांब पुराच्या पातळीच्या वर आणणं, या सगळ्याला 10 आठवडे लागतात असं समजू. 7 जूनला पाऊस धरला, तर खोदकाम 29 मार्चला सुरू व्हायलाच हवं. आता झाडांची परवानगी 15 एप्रिलला हातात आली. उशीर फक्त 17 दिवसांचा. ऑफिसातल्या माणसाला वाटतं, चला, थोडक्यात निभावलं.

साइटवर मात्र त्याच दिवशी निर्णय घ्यावा लागतो. आता सुरू केलं तर काम 24 जूनला संपणार, म्हणजे अर्धा पाया उघडा असताना नाला भरणार. खड्डा गाळाने बुजतो, सळई चिखलात जाते, बाजूची माती ढासळते. मुकादम म्हणतो, "करून टाकू साहेब, पाऊस काय लगेच येतोय?" त्या वेळी "नाही" म्हणणारा माणूस लागतो. मग काम ऑक्टोबरच्या अखेरीस, पाणी उतरल्यावर सुरू होतं. 17 दिवसांचे 7 महिने झाले. दरम्यान मशिनचं भाडं चालू राहतं, मजुरांची टोळी दुसऱ्या साइटवर निघून जाते, सिमेंट-सळईचे भाव वाढतात, आणि बसमधला माणूस म्हणतो, ठेकेदार पळाला.

मी स्वतः असा एक पावसाळा बसून काढला आहे. परवानगीचा अर्ज आमच्याकडून डिसेंबरात जायचा तो फेब्रुवारीत गेला होता. कारण इतकंच, की झाडं मोजायची कुणी, यावर दोन खात्यांत पत्रं फिरत होती आणि मी ती पत्रं वाचत होतो. मी स्वतः टेप घेऊन जाऊन झाडं मोजली असती तर दोन दिवसांचं काम होतं.

वेळेचं भान ठेवायला कोकण रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांनी तिच्या बांधकामात उलटी घड्याळं लावली होती. मुदतीला किती दिवस उरले ते दाखवणारी. सुमारे 740 किलोमीटरचा हा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे आणि दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. त्याचे महाडपासून उडुपीपर्यंत सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि निर्णयाचे अधिकार त्याच्या हाती दिले. 1990 मध्ये हाती घेतलेलं हे काम पुरं होऊन 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. पण त्या उलट्या घड्याळालाही दोन ठिकाणी थांबावं लागलं. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. आणि त्याआधी 1993 मध्ये गोव्यात मार्गाच्या आखणीवरच लोक उभे राहिले. खाजन जमिनी, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली शेतं, आणि जुनी गावं या मार्गाने धोक्यात येतील असं त्यांचं म्हणणं होतं. काम थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमावा लागला. मातीचा अंदाज चुकला तर तंत्र बदलता येतं. लोकांचा अंदाज चुकला तर आयोग बसतो.

परवानगीत नेमकं काय तपासतात

पर्यावरण मंजुरी म्हटली की अनेक इंजिनिअरांच्या कपाळावर आठी पडते. ती काय चीज आहे हे समजून घेतलं तर आठी थोडी सैल होते.

14 सप्टेंबर 2006 ची केंद्र सरकारची एक अधिसूचना आहे, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986 खाली काढलेली. कोणत्या प्रकारच्या आणि किती मोठ्या प्रकल्पाला आधी मंजुरी घ्यावी लागते, याची यादी तिच्यात आहे. मोठे प्रकल्प 'अ' वर्गात, ते दिल्लीला जातात. 'ब' वर्गातले राज्याच्या प्राधिकरणाकडे जातात. पुढचे टप्पे डॉक्टरकडे जाण्यासारखेच आहेत. आधी पाहायचं की तपासणी लागणार का. मग डॉक्टर चिठ्ठीवर कोणत्या चाचण्या करायच्या ते लिहून देतो. इथे तज्ज्ञ समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते, तिला साइटवर टीओआर म्हणतात. मग चाचण्या होतात, म्हणजे हवा, पाणी, आवाज, माती, झाडंझुडपं, साधारण 10 किलोमीटरच्या परिसरात. मग घरच्यांशी बोलणं, म्हणजे जनसुनावणी. शेवटी समिती सगळं पाहून शिफारस करते आणि मंजुरी मिळाली तर अटींसकट मिळते.

इथेही पावसाळा आडवा येतो. हवा-पाण्याची मोजणी पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची लागते. सल्लागार मे महिन्यात नेमला तर तो ऑक्टोबरपर्यंत हात बांधून बसतो. जानेवारीत नेमला असता तर मेमध्ये अहवाल लिहायला बसला असता. म्हणून चांगला मॅनेजर मंजुरीची कामंही खोदकामाच्याच तक्त्यात, त्याच साखळीत घालतो.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. कोकणातल्या एका औद्योगिक क्षेत्राच्या सुनावणीला मी कंपनीच्या बाजूने बसलो होतो. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर पडदा. आमच्या सल्लागाराने अर्धा तास आलेख दाखवले. मग मागच्या रांगेतून एक आजोबा उठले. हातात कागद नव्हता. म्हणाले, "साहेब, तुम्ही भराव टाकून जमीन पुरुषभर उंच करणार. माझ्या खाचरातलं पाणी मग उतरायचं कुठून?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. नकाशावर मोठा ओढा होता, पण खाचरातून खाचरात उतरत जाणारं पाणी त्या मापाच्या नकाशावर दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरला घेऊन आम्ही आजोबांबरोबर बांधाबांधाने फिरलो आणि आराखड्यात तीन मोऱ्या वाढल्या. भराव झाल्यावर त्याच मोऱ्या काढायच्या म्हटल्या असत्या तर रस्ता फोडावा लागला असता. आणि त्याआधी एक पावसाळा त्यांचं भात पाण्यात कुजलं असतं. तेव्हापासून मी जनसुनावणीला अडथळा म्हणणं सोडलं. नकाशात नसलेली माहिती तिथे फुकट मिळते.

चौकट : मोठ्या गृहसंकुलाचे कागद

• बांधकाम क्षेत्र 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. अशा इमारत-प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे.
• प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती लागत असेल तर कामाआधी, चालवण्याची संमती वापराआधी.
• झाडं तोडायची किंवा हलवायची असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. महाराष्ट्रात शहरी भागासाठी यावर 1975 चा कायदा आहे.
• किनाऱ्याजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची मंजुरी, विमानतळाजवळ असेल तर उंचीचा दाखला, आणि उंच इमारतीला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला.
• महापालिकेचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोत्यापर्यंत आल्यावर जोते तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र.
• पर्यावरण मंजुरीतल्या अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, 1 जून आणि 1 डिसेंबरला.

वरळीचा समुद्र

मुंबईचा किनारी रस्ता हा या सगळ्याचा मोठा धडा आहे. मरीन लाइन्सच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत 10.58 किलोमीटर. काम ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झालं. 16 जुलै 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द ठरवली. केवळ सीआरझेड पुरेशी नाही, 2006 च्या अधिसूचनेखालची मंजुरी आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगीही लागते, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. काम थांबलं. 17 डिसेंबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. मधले पाच महिने गेले, त्यातले काही कोरडे. पुढे वन्यजीव कायद्याची परवानगी घेऊन वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची प्रवाळं हलवण्यात आली. मावळा नावाचं 12.19 मीटर व्यासाचं बोगदा खोदणारं यंत्र मलबार हिलखालून गिरगावपर्यंत पोखरत गेलं, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. प्रवाळांची बातमी फार कुणाच्या लक्षात नसेल. पण मॅनेजरच्या तक्त्यात दोन्ही ओळींची किंमत सारखीच होती. एक अडली की सगळंच अडलं.

खरी शिकण्यासारखी गोष्ट वरळी कोळीवाड्याची आहे. रस्ता सागरी सेतूला जोडण्यासाठी समुद्रात खांब उभे राहायचे होते आणि दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. क्लीव्हलँड बंदरातून मासेमारीला निघणाऱ्या कोळ्यांनी सांगितलं की एवढ्यातून बोट काढणं धोक्याचं आहे. कागदावर 60 मीटर पुष्कळ वाटतात. बोटीची रुंदी मोजली तर शंका येण्याचं कारणच दिसत नाही. पण बोट रेघेवरून चालत नाही. भरती-ओहोटीची ओढ तिला बाजूला नेते, वारा फिरवतो, खांबाभोवती पाणी भोवरतं, आणि पावसाळी हंगामाच्या सुरुवातीला लाट मोठी असते. शिवाय त्याच वेळी समोरून दुसरी बोट येत असते. हे ज्याने आयुष्यभर सुकाणू धरलं त्याला सांगावं लागत नाही. कोळ्यांची मागणी 200 मीटरची होती. त्यांनी समुद्रात बोटी आणून काम अडवलं. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये एक खांब वगळून अंतर 120 मीटर करायचं ठरलं.

खांब वगळायचा म्हणजे नकाशावरचा गोल खोडायचा, एवढंच नसतं. मधला आधार गेला की वरच्या तुळईला दुप्पट लांब झेप घ्यावी लागते. तुळईवर येणारा वाकवणारा ताण अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट झालं की स्वतःच्या वजनाचा ताण चौपट होतो. घरातल्या लाकडी फळीवर पुस्तकं ठेवून मधला ब्रॅकेट काढून पाहा. म्हणून साध्या काँक्रीटच्या गर्डरऐवजी धनुष्यासारखी कमान असलेले पोलादी गर्डर आले. एप्रिल 2024 मध्ये बार्जवरून आणलेला 136 मीटर लांबीचा, सुमारे 2,000 टन वजनाचा पहिला गर्डर भरतीच्या पाण्याचा अंदाज घेत जागेवर बसवला. अभियंत्यांनी ते काम अतिशय देखणं केलं, यात वाद नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. बोटीला किती अंतर लागतं, हे कोळीवाड्यात जाऊन पहिल्या वर्षी विचारलं असतं, तर 120 मीटरचा आकडा पहिल्याच आराखड्यात आला असता आणि मधलं भांडण, मधला वेळ, मधला खर्च वाचला असता.

या कामात शिरायचं कसं

अनेक मुलं विचारतात, प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला कोणता कोर्स करावा? कोर्स आहेत. सिव्हिलची पदवी किंवा पदविका हा पाया. पुण्याची निकमार ही संस्था बांधकाम व्यवस्थापनासाठीच ओळखली जाते. पीएमपी नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे, पण पदवीधराला त्या परीक्षेला बसण्याआधी प्रकल्प सांभाळल्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि मला ही अट फार योग्य वाटते. पर्यावरणाच्या बाजूने यायचं असेल तर पर्यावरण अभियांत्रिकी किंवा पर्यावरणशास्त्र शिकून मान्यताप्राप्त सल्लागार संस्थेत सुरुवात होते. पर्यावरण प्रभाव-अहवाल करणाऱ्या संस्थांना नॅबेट या मंडळाची मान्यता लागते. मोठ्या कंपन्यांत आता अटींच्या पालनासाठी स्वतंत्र माणूस असतो. तिथून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत जाणारे अजून थोडे आहेत, पण त्यांना अर्धी लढाई आधीच माहीत असते.

पहिली तीन-चार वर्षं मात्र साइटवरच घालवावीत. मी शिकाऊ असताना एका संध्याकाळी स्लॅब भरत होतो. काँक्रीटची गाडी वाहतुकीत अडकली. प्लँटवर भरल्यापासून दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी, आमची पोचली पावणेतीन तासांनी. माल घट्ट झालेला. मुकादम म्हणाला, "दोन बादल्या पाणी मारतो, होतोय मोकळा." पाणी मारलं की माल वाहतो खरा, पण जादा पाणी पुढे सुकून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या सोडून जातं. 28 दिवसांनी दाबयंत्रात ठोकळा ठेवला की ते कळतं, तोवर वर आणखी तीन मजले चढलेले असतात. आमच्या मॅनेजरने गाडी परत पाठवली, स्लॅबचं काम भलत्याच ठिकाणी न थांबवता योग्य जागी फळी लावून थांबवलं, आणि सकाळी मालकाचं बोलणं स्वतः ऐकून घेतलं. त्या रात्री मला हे काम कळलं.

त्यानंतर वर्षभर बिलिंगमध्ये बसा. मोजमापवही लिहिल्याशिवाय पैसा कुठे मुरतो ते समजत नाही. सातबारा, फेरफार आणि गटनकाशा वाचायला तलाठ्याकडे बसून शिका. आणि चांगल्या मराठीत अर्ज लिहायला शिका. तहसील कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि जनसुनावणीत हीच भाषा लागते. तिथे इंग्रजी अहवालाचं ओबडधोबड भाषांतर वाचून दाखवणाऱ्या इंजिनिअरवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा?

साइटवर रुजू व्हाल त्या पहिल्याच आठवड्यात पर्यावरण मंजुरीच्या पत्राची प्रत मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती हेड ऑफिसच्या कपाटात असते आणि साइटवर कुणी वाचलेली नसते. तिच्यातली प्रत्येक अट कामाच्या तक्त्यात तारखेसह लिहा, आणि मग शेजारच्या वस्तीत जाऊन विचारा, पाणी इथून कुठे जातं.